बोल्डरिंग, स्पोर्ट की ट्रॅड: दोर विकत घेण्यापूर्वी

ट्रेकिंगमध्ये दोन-चार हंगाम काढून झाले, लिंगाण्यावर किंवा तैलबैलाच्या भिंतीवर दुसऱ्या कोणी लावलेल्या दोरावर चढून झाले, की प्रस्तरारोहण नीट शिकावे असे बऱ्याच जणांना वाटू लागते, आणि चार जाणकारांना विचारले तर चार वेगळे सल्ले पदरात पडतात. बोल्डरिंग करणाऱ्याच्या मते दोराच्या सोपस्कारांत अर्धा दिवस वाया जातो. ट्रॅड, म्हणजे पारंपरिक चढाई करणाऱ्याच्या मते कातळात आधीच बोल्ट मारून ठेवलेल्या मार्गावर चढणे आणि शिडी चढणे यांत फारसा फरक नाही. स्पोर्टवाला या दोघांकडे पाहून म्हणतो की कठीण चढाई करायची कधी ते सांगा. ही थट्टा असली तरी तिच्यामागचा मतभेद खरा आहे. तो साहित्याबद्दल कमी आणि पडल्यावर काय व्हावे याबद्दल जास्त आहे, असे माझे मत आहे, आणि निवडही त्याच कसोटीवर करावी.

बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणे जमिनीवरचे असते. उंची चार-पाच मीटरच्या आसपास, दोर नाही, खाली जाड फोमचा क्रॅश पॅड आणि मागे हात पुढे करून उभा राहिलेला साथीदार. तो पडणाऱ्याला झेलत नाही; त्याची पाठ आणि डोके पॅडबाहेर जाऊ नये एवढेच पाहतो, आणि स्वतःचे अंगठे पिरगळू नयेत म्हणून ते तळव्याला चिकटवून ठेवतो. खर्च सर्वांत कमी: बूट, चॉकची पूड आणि वाटून घेतलेला पॅड. तंत्र लवकर सुधारते, कारण एकाच हालचालीवर वीस वेळा प्रयत्न करता येतो. मात्र घोटे आणि बोटांचे स्नायुबंध यांची किंमत मोजावी लागते, आणि ‘छोटाच तर दगड आहे’ म्हणणारेच अधिक दुखावतात.

स्पोर्टमध्ये मार्गावर ठरावीक अंतराने बोल्ट पक्के बसवलेले असतात. चढणारा त्यांत क्विकड्रॉ, म्हणजे दोर ओवण्यासाठी दोन कड्यांचे छोटे पट्टे, अडकवत जातो आणि खालचा साथीदार दोर सांभाळतो; यालाच बिले देणे म्हणतात. बोल्ट चांगले असतील आणि बिले सावध असेल, तर पडणे हा सरावाचाच भाग ठरतो. साठ-सत्तर मीटरचा दोर, हार्नेस, हेल्मेट, बिलेचे उपकरण आणि डझनभर क्विकड्रॉ एवढ्यावर काम भागते. ट्रॅडमध्ये कातळात आधीपासून काहीच नसते. नैसर्गिक भेगेत नट (धातूची पाचर) किंवा कॅम (भेगेत पसरून घट्ट बसणारे साधन) बसवायचा, ओढून पाहायचा, त्यात दोर अडकवायचा आणि पुढे निघायचे. मागून येणारा साथीदार ते काढून आणतो. येथे पडणे किती महाग पडेल हे स्वतः लावलेल्या साधनावर अवलंबून असते. त्यामुळे हातांच्या ताकदीआधी खडक वाचण्याची नजर तयार व्हावी लागते, आणि तिला वर्षे लागतात. कॅमचा पूर्ण संच ही खिशाला चांगलीच जाणवणारी खरेदी आहे, हेही येथेच सांगून टाकतो.

तिन्ही पंथांचा स्वभाव त्यांच्या काठिण्याच्या श्रेणींतही दिसतो. बोल्डरिंगची व्ही श्रेणी केवळ हालचाल किती कठीण एवढेच सांगते. स्पोर्टसाठी वापरली जाणारी फ्रेंच श्रेणीही धोक्याबद्दल मुख्यतः गप्प असते. ब्रिटनमधील ट्रॅड श्रेणीचे मात्र दोन भाग असतात: एक सर्वांत अवघड हालचालीसाठी, आणि दुसरा मार्ग एकूण किती गंभीर आहे, साधने लावायला कितपत जागा आहे यासाठी. ज्या परंपरेला भीतीही मोजावीशी वाटली, तिला बोल्ट का खुपतो ते यावरून समजावे.

हा वाद सर्वांत उघडपणे खेळला गेला तो कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या खोऱ्यात. 1958 मध्ये गिर्यारोहक वॉरन हार्डिंग आणि त्याच्या साथीदारांनी तेथील एल कॅपिटान या प्रचंड कड्याची नोज ही धार सर केली. कामाचे दिवस दीड वर्षात विखुरलेले होते, खालपासून दोर बांधून ठेवलेले होते, आणि शेवटच्या ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळावर, हार्डिंगने रात्रभर हाताने भोके पाडत 28 बोल्ट ठोकले. रॉयल रॉबिन्स हा त्याचा प्रतिस्पर्धी. पुरेसे बोल्ट मारले तर कोणतीही भिंत चढता येते आणि मग चढण्यात साहस उरत नाही, ही त्याची धारणा. 1960 मध्ये त्याने तिघा साथीदारांसह तीच धार एका सलग मोहिमेत, सात दिवसांत चढून उत्तर दिले. 1970 मध्ये हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल एल कॅपिटानच्याच डॉन वॉल या जवळजवळ गुळगुळीत भिंतीवर 27 दिवस राहिले, सुटकेसाठी पुढे आलेली मदत त्यांनी नाकारली, आणि वाटेत शेकडो भोके पाडली. रॉबिन्सचा संयम सुटला. काही महिन्यांतच तो डॉन लॉरियासह छिन्नी घेऊन त्याच मार्गावर चढू लागला आणि एकेक बोल्ट तोडत निघाला.

पण सुरुवातीच्या टप्प्यांनंतर त्याने छिन्नी बाजूला ठेवली. बोल्टांच्या मधली चढाई त्याच्या अपेक्षेपेक्षा फार कठीण आणि फार चांगली निघाली. हार्डिंगने सोपी पळवाट काढली नव्हती, हे हाताखालच्या कातळाने त्याला दाखवले. उरलेले बोल्ट तसेच ठेवून दोघे माथ्यावर पोहोचले. या प्रसंगात रॉबिन्सने आपले मत सोडले असे मला वाटत नाही; दुसऱ्याचे काम स्वतः चढून पाहिल्याशिवाय त्यावर निकाल द्यायचा नाही, एवढे त्याने मान्य केले.

पुढच्या पिढीत भांडणाचा विषय बदलला. 1980 च्या दशकात दोरावर लटकून हालचालींचा सराव करणारे स्पोर्टवाले आणि पडलात तर खाली उतरून पहिल्यापासून सुरुवात करा म्हणणारे जुने ट्रॅडवाले योसेमिटीत एकमेकांशी बोलेनासे झाले. या दोन्ही घरांत वाढलेल्या लिन हिल या आरोहिकेने 1993 मध्ये नोज मुक्त चढाईने, म्हणजे साधनांना न धरता सर केली, आणि पुढच्या वर्षी ती एका दिवसाच्या आत केली. भेगांमधले शहाणपण ट्रॅडचे, आणि अवघड जागा पुन्हा पुन्हा घोटण्याची शिस्त स्पोर्टची. ऑलिंपिकमध्ये तर टोकियोत बोल्डरिंग, लीड (दोर अडकवत उंच चढणे) आणि वेगाची चढाई एकाच पदकासाठी जुंपून तिन्ही क्रमांकांचा गुणाकार केला गेला, त्यावर बरीच नाराजी उमटली, आणि पॅरिसमध्ये वेगाला स्वतंत्र पदक मिळाले.

आता आपल्याकडचे वास्तव. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांचा आहे: एक कठीण पट्टा, त्यावर मुरमाड, गवताळ टप्पा, पुन्हा कातळ. सलग, स्वच्छ भेगा कमी. म्हणून येथील सुळक्यांवर मेखा, बोल्ट आणि एट्रिअर (पाय ठेवण्याची छोटी दोरशिडी) यांची जुनी मिश्र परंपरा रुजली, आणि योसेमिटीच्या शुद्धतेचे नियम जसेच्या तसे येथे लावणे अन्यायाचे होईल. येथला लीडर, म्हणजे सर्वांत पुढे चढणारा, पकड धरण्याआधी तिच्यावर मुठीने ठोकून पाहतो: खणखणीत वाजली तर भार टाकायचा, पोकळ वाजली तर हात काढून घ्यायचा. पावसाळ्यांनी गंजलेल्या जुन्या बोल्टची परीक्षा मात्र आवाजावरून होत नाही. डोके चकचकीत दिसले तरी कातळाच्या आतला भाग कसा आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून अशा एकट्या बोल्टवर सर्व भार सोपवू नये. स्पोर्ट शिकायला बदामीचा वालुकाश्म आणि बोल्डरिंगला हंपीचा ग्रॅनाइट हे सह्याद्रीपेक्षा अधिक सरळ गुरू आहेत. नवी मुंबईत 2016 मध्ये गिरिविहार संस्थेने बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा भरवली होती, तेव्हा हा प्रकार आपल्याकडे आता परका राहिलेला नाही.

निवड करताना माझा कौल असा. संध्याकाळचे दोन तासच हाताशी असतील, शहर सोडता येत नसेल, तर कृत्रिम भिंतीवर बोल्डरिंग घ्यावे. उंचीची भीती हीच अडचण असेल तर स्पोर्ट, कारण पडण्याची सवय त्याइतक्या सुरक्षितपणे दुसरीकडे लागत नाही. डोळा ड्यूक्स नोज किंवा कोकणकड्यावर असेल तर शेवटी ट्रॅड आणि मेखांकडे यावेच लागेल. मात्र पहिला हंगाम अनुभवी लीडरच्या मागे साधने काढत घालवावा, कारण कॅम नीट बसला होता की नाही हे तो काढताना जितके कळते तितके लावताना कळत नाही. आणि जुन्या मार्गावर नवा बोल्ट ठोकावासा वाटला, तर पहिली चढाई करणाऱ्यांना आधी विचारावे. त्यांतले बरेच जण अजून चढतात, आणि उत्तर देतातच.