मॅटचा सराव हॉल, चिपळूण: हंगामाआधी संघ तपासून घ्या

पावसात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा कबड्डी संघांना हा हॉल खरंच उपयोगी आहे. मॅट पूर्ण १३ बाय १० मीटरची.

मातीतल्या संघाची दुखणी इथे लगेच उघडी पडतात. चढाई वेगवान होते, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवरची निदान रेषा (चढाईत ओलांडावी लागणारी रेषा) सहज ओलांडली जाते. पण कोपरारक्षक, म्हणजे कोपऱ्यातला बचावपटू, चढाईपटूच्या घोट्याला हात घालायला उशीर करतो. मातीत मिळणारा तो अर्धा क्षण इथे मिळत नाही. बचावपटूंची हात धरून केलेली साखळी मात्र चांगली जमते.

दमट हवेत मॅट घसरडी होते. सरावाआधी कोरडा फडका मारायला लावा आणि जोडातली फट हाताने चाचपा, पायाचं बोट तिथेच अडकतं. बूट रबरी तळव्याचेच हवेत. प्रकाश उत्तम, पंखे अगदीच कमी.