५०० प्रती एकदम, की लागेल तशी एकेक?

फोंड्याच्या मावसबहिणीची पहिली कादंबरी लिहून झालीय. स्वतःच छापायची हेही ठरलंय. अडलंय ते एवढ्यावरच: ऑफसेटवर (प्लेट बनवून एकगठ्ठा छपाई) ५०० प्रती, की मागणी येईल तशी छपाई?

खर्चाचं गणित सरळ. ऑफसेटला प्लेटचा खर्च ५० प्रतींना तेवढाच, ५०० प्रतींनाही तेवढाच. म्हणून जास्त छापल्या की प्रत स्वस्त पडते, पण पैसे आधी मोजावे लागतात. एकेक छापताना आधी थोडकेच जातात, प्रत मात्र महाग. मुद्रितशोधन, मुखपृष्ठ दोन्हीकडे सारखंच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. त्याचे 'पॅकेज'मध्ये पैसे लावणाऱ्याला तिथूनच नमस्कार करावा.

खरी परीक्षा जूनमध्ये. गठ्ठे घरात ठेवले की गोव्याच्या पावसात पानं ओल धरतात, कडेला बुरशी, खालून वाळवी. त्यात दुकानदाराचं कमिशन, न खपलेल्या प्रती परत. एकेक छापण्यात हा व्याप नाही. पण प्रकाशनाला टेबलावर ठेवायला तरी थोड्या प्रती आधी मागवाव्याच लागतात.

घेणारी दोनेकशे माणसं, वाचनालयं नावानिशी सांगता येत असतील तर ऑफसेट, तेही पाऊस ओसरल्यावर. वाचक पुण्या-मुंबईकडे विखुरलेले असतील तर मागणीनुसार. बहिणीची यादी ४१ नावांवर थांबलीय.