१९३३ सालचे म्हणून विकलेले छायाचित्र

मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर १५ ते १८ डिसेंबर १९३३ या दिवसांत भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला. सी. के. नायडू आपले कर्णधार होते, समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंडचा संघ होता, आणि दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून भारताचे कसोटीतले पहिले शतक नोंदवले. सामना आपण नऊ गड्यांनी हरलो, तरी जुन्या क्रिकेटप्रेमींना त्याविषयी फार जिव्हाळा आहे. नेमक्या याच जिव्हाळ्याचा फायदा घेऊन एका विक्रेत्याने या सामन्याचे ‘मूळ छायाचित्र’ म्हणून साधी छापील प्रत मला १८,००० रुपयांना विकली. दिवाणखान्यात लावण्यासाठी जुनी क्रीडाछायाचित्रे घेणारे बरेच जण आहेत, म्हणून हा व्यवहार तपशिलाने लिहीत आहे.

विक्रेत्याचे म्हणणे असे होते की, प्रत त्याच काळात डार्करूममध्ये काढलेली आहे, खाली नायडूंची शाईची सही आहे आणि ती एका जुन्या पारशी घराच्या संग्रहातून आली आहे. हे सारे त्याने व्हॉट्सॲपवर लेखी कळवले. मागची बाजू दाखवण्याची विनंती केली तेव्हा, चौकटीमागचा जुना कागद फाडला तर वस्तूची किंमत उतरेल, असे उत्तर मिळाले. पूर्ण रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली गेली, आणि नंतर आलेल्या बिलावर फक्त ‘सजावटीची फ्रेम, १ नग’ एवढेच लिहिलेले होते.

पहिली शंका छायाचित्रातूनच आली. खेळाडूंच्या पाठीमागे, प्रेक्षकांच्या वर, गॅस साठवण्याच्या प्रचंड टाकीचा सांगाडा दिसत होता. क्रिकेटची छायाचित्रे पाहणाऱ्या कोणालाही तो ओळखता येतो, कारण तो लंडनच्या ओव्हल मैदानाची खूण आहे. बॉम्बे जिमखान्यावर असे काही नव्हते. नायडू १९३६ च्या दौऱ्यात ओव्हलवर कसोटी खेळले होते, आणि आपल्या त्या शेवटच्या कसोटीत त्यांनी दुसऱ्या डावात ८१ धावा केल्या होत्या. छायाचित्र बहुधा त्या दौऱ्यातले असावे. म्हणजे ज्या सामन्याच्या नावावर किंमत लावली होती, त्या सामन्याशी त्याचा संबंधच नव्हता.

मग माहितीतल्या एका फ्रेमवाल्याकडून चौकट उघडून घेतली. सागवानी लाकूड खरोखरच जुने होते, आणि सगळी बतावणी त्या लाकडाच्या आधाराने चालली होती. मागचा तपकिरी कागद चहाच्या पाण्यासारख्या कशात तरी बुडवून जुनाट केलेला होता; त्याखाली एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशापासून दाबून बनवलेल्या फळीचा, कोरा तुकडा आणि चकचकीत स्टेपलच्या पिना निघाल्या. प्रत त्या तुकड्यावर चिकटवलेली होती. वृत्तसंस्थांच्या जुन्या प्रतींच्या पाठीवर शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा डकवलेली मजकुराची चिठ्ठी बहुधा सापडते, आणि पाठच दिसू नये अशी व्यवस्था इथे केलेली होती.

दहापट मोठे दाखवणारे भिंग लावल्यावर उरलेसुरले स्पष्ट झाले. डार्करूममधल्या खऱ्या प्रतीत चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे करड्या छटा एकमेकींत सलग मिसळतात. इथे मात्र ओळीने मांडलेले ठिपके होते, म्हणजे चित्र कुठल्या तरी छापील मासिकातून उचललेले होते. आणि त्या ठिपक्यांवर निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईचे विखुरलेले कण होते, ते इंकजेट छपाईचे. सहीसुद्धा त्याच कणांची बनलेली होती. १९६७ साली निवर्तलेल्या एवढ्या मोठ्या खेळाडूची सही अशी छापून विकावी, याचा मला पैशांपेक्षाही अधिक संताप आला.

नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला. तशी चमक देणारे द्रव्य छायाचित्रांच्या कागदात १९५० च्या दशकापासून येऊ लागले, त्यामुळे १९३३ चा कागद असा चमकू शकत नाही. उलट, कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असेही धरू नये; न चमकणारे नवे कागदही मिळतात.

जुन्या छायाचित्राची नवी प्रत विकणे गैर आहे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. आपल्याकडे छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे त्या काळात प्रकाशित झालेली छायाचित्रे आज कोणीही छापू शकतो, आणि चांगल्या कागदावरची नीट फ्रेम केलेली प्रत भिंतीवर सुंदरच दिसते. पण ती नवी आहे असे सांगून, नव्या प्रतीच्या भावानेच विकली पाहिजे.

विक्रेत्याने पैसे परत करण्यास नकार दिला आणि बिलावरच्या ‘सजावटीची फ्रेम’ या शब्दांकडे बोट दाखवले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाणार आहे; त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. व्हॉट्सॲपवरचे त्याचे दावे, भिंगातून घेतलेली छायाचित्रे आणि फ्रेमवाल्याचे लेखी म्हणणे मी जपून ठेवले आहे. अशी वस्तू घेणाऱ्यांनी चौकटीबाहेर काढलेल्या प्रतीच्या पाठीचे छायाचित्र आधी मागावे, आणि ‘मूळ प्रत’, सामना व अंदाजे साल हे तिन्ही बिलावर लिहून मिळाल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये.