डिजिटल पेट-सीटी: रोज मशीन चालवणारीचा रिव्ह्यू

पेट-सीटी म्हणजे किरणोत्सर्गी साखर टोचून मुख्यतः कॅन्सर शोधणारा स्कॅन. त्याच्या नव्या ‘डिजिटल’ मशीनबद्दलचा निकाल आधी सांगून टाकते. रुग्ण अंगाने जाड असेल, पाठदुखीमुळे फार वेळ उताणं झोपवत नसेल किंवा लहान मूल असेल, तर जवळपास डिजिटल पेट-सीटी कुठे आहे ते शोधा आणि स्कॅन तिथेच करा. पण पहिला स्कॅन जुन्या मशीनवर झालाय आणि आता केमोनंतरचा फॉलो-अप आहे, तर मशीन बदलण्याआधी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. असं का, ते खाली सविस्तर लिहिते.

मी नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. शिक्षण परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधलं. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन (स्कॅनसाठीची किरणोत्सर्गी द्रव्यं बनवणारं यंत्र) आणि पहिलं पेट मशीन २००२ मध्ये तिथेच सुरू झालं. नोकरीला लागल्यापासून बरीच वर्षं बीजीओ क्रिस्टल (किरण अडवून त्याचा प्रकाश करणारा) आणि फोटोमल्टिप्लायर ट्यूब (तो प्रकाश टिपून विजेचा संकेत करणारी) असलेलं मशीन चालवलं. आता हातात एलवायएसओ या दुसऱ्या क्रिस्टलचं आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचं (ट्यूबचंच काम करणारी चिप) आहे, ज्याला सगळ्या कंपन्या ‘डिजिटल’ म्हणून विकतात. कंपनीचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण मला या प्रकारच्या मशीनबद्दल बोलायचंय, एका मॉडेलबद्दल नाही.

फरक नेमका कुठे आहे? रुग्णाला दिलेल्या एफडीजीतला, म्हणजे किरणोत्सर्गी साखरेतला, फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) सोडतो. तो शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं संपतात आणि ५११ केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यातल्या दोन क्रिस्टलांनी ते जवळजवळ एकाच वेळी पकडले, की मशीन त्या दोघांमध्ये एक रेघ धरतं. जुन्या मशीनला एवढंच कळायचं, की गाठ या रेघेवर कुठेतरी आहे. बीजीओ हा वजनदार, फोटॉन अडवण्यात पटाईत क्रिस्टल, पण त्याचा प्रकाश विझायला सुमारे ३०० नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) लागतात. एलवायएसओला लागतात ४० च्या आसपास, आणि प्रकाशही कितीतरी जास्त. त्यामुळे दोन फोटॉनांपैकी कोणता किती आधी आला, ते मोजता येतं. यालाच टाइम-ऑफ-फ्लाइट म्हणतात.

हा फरक मशीन किती बारकाईने मोजतं, त्याचा सीमेन्सच्या बायोग्राफ व्हिजन या मशीनचा प्रसिद्ध झालेला आकडा २१४ पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्याच्या हिशेबाने, आणि फोटॉन दोन बाजूंना जात असल्याने निम्मं करून, जागेची अनिश्चितता येते साधारण ३.२ सेंटिमीटर. आमचं मशीन एवढं चपळ नाही. तरीही चाळीस सेंटिमीटर रुंद पोटात ‘कुठेतरी’च्या जागी ‘या काही सेंटिमीटरांत’ असं कळणं हा मोठा फायदा आहे. रुग्ण जितका रुंद, तितका हा फायदा वाढतो.

हे मला कागदावर माहीत होतं. पटलं ते सिन्नरकडून आलेल्या एका मावशींच्या स्कॅनमुळे. वजन शंभराच्या वर, डायबिटीस, आधीचा स्कॅन आमच्याच जुन्या मशीनवरचा. त्या स्कॅनमध्ये यकृत वाळू पसरल्यासारखं दाणेदार दिसत होतं. त्या दाण्यांत खरा डाग कोणता आणि नुसता नॉइज (चित्रातला खोटा दाणेदारपणा) कोणता, हे सांगताना आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये जपून शब्द वापरले होते. नव्या मशीनवर डोस त्याहून कमी, वेळ निम्म्याहून कमी, आणि यकृत एकसारखं राखाडी. त्यात उजव्या बाजूला खाली एकच डाग, कडा ओळखता येण्याइतका स्पष्ट. शंका राहिली नाही, बायोप्सी कुठून घ्यायची ते ठरलं. जाड रुग्णांची चित्रं खराब येणार हे आम्ही गृहीतच धरलं होतं. ते गृहीत धरणं थांबलं, आणि माझ्या मते या मशीनची सगळ्यात मोठी कमाई ती आहे.

दुसरी कमाई रस्त्यावरची, आणि ती कुठल्या ब्रोशरमध्ये सापडणार नाही. आमचं एफडीजी मुंबईहून गाडीने येतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ११० मिनिटं. साडेतीन तासांत नाशिकला पोहोचलं, तर निघताना होतं त्याच्या चौथ्या हिश्शाएवढंच उरतं. भिवंडीला किंवा कसारा घाटात गाडी अर्धा तास अडकली, की त्या उरलेल्यातलाही सहावा हिस्सा गेला. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा टाळता येतो, भिवंडीची कटकट आहेच. जुन्या मशीनला माणशी १० मिलिक्युरीच्या (किरणोत्सर्गी औषध मोजायचं एकक) आसपास लागायचे. गाडीला उशीर झाला की यादीतला शेवटचा रुग्ण बिनस्कॅनचा परत जायचा. तो पहाटेपासून उपाशी असायचा, पेठ-सुरगाण्याहून एसटीने आलेला असायचा, आणि त्याला ‘उद्या या’ सांगायचं काम माझ्याकडे असायचं. आता ५ ते ६ मिलिक्युरीत चांगलं चित्र मिळतं. तेवढं लेड पॉटच्या (एफडीजी ठेवायच्या शिशाच्या भांड्याच्या) तळाशी बहुतेक वेळा शिल्लक असतं. पिकोसेकंदांची ही शर्यत कुठल्या तरी प्रयोगशाळेतली वाटते खरी, पण सुरगाण्याच्या माणसाची खेप वाचते ती तिच्यामुळेच.

डोस कमी म्हणजे किरणोत्सर्गही कमी. १० मिलिक्युरी एफडीजीचे मोठ्या माणसाला सुमारे ७ मिलिसीव्हर्ट (शरीराला बसणारा किरणोत्सर्ग मोजायचं एकक) होतात, निम्म्या डोसला साडेतीन. सीटीचे वेगळे. लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) तरुण रुग्णांचे स्कॅन पुन्हा पुन्हा होतात, त्यांच्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे. इंजेक्शन आम्ही देतो, त्यामुळे आमच्यासाठीही.

टेबलावरचा वेळ पूर्वी वीस-पंचवीस मिनिटं होता, आता दहाच्या आसपास. एकेका टप्प्यात जुनं मशीन शरीराची १५ सेंटिमीटर पट्टी बघायचं, हे २५ च्या आसपास बघतं. हात डोक्यावर ठेवून पडून राहणं हाडांत दुखणं पसरलेल्या माणसाला किती जड जातं, ते काचेपलीकडून रोज दिसतं. शेवटच्या पाच मिनिटांत हात हलायचे आणि मानेची चित्रं सीटीशी जुळायची नाहीत. हा प्रकार आता क्वचितच होतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार मशीनबद्दल नाही, ते वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. स्कॅनचा वेळ निम्मा झाला तशा व्यवस्थापनाने अपॉइंटमेंट जवळपास दुप्पट केल्या. पण इंजेक्शननंतर शांत पडून राहण्याची साठ मिनिटं कुठलाही डिटेक्टर कमी करू शकत नाही. पेशींनी साखर ओढून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. इंजेक्शननंतर पडून राहायच्या खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. परिणाम असा, की काही दिवशी रुग्ण खुर्चीत बसून असतात, कुणाचा स्कॅन साठ मिनिटांनी होतो तर कुणाचा नव्वद. वेळ बदलला की एसयूव्हीचा (गाठीने किती साखर ओढली ते सांगणारा) आकडाही बदलतो. मशीन घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलला माझं सांगणं आहे: आधी खोल्या वाढवा, मग यादी वाढवा. वाचलेला वेळ आणि वाचलेला डोस यांवर पहिला हक्क रुग्णाचा आहे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, आणि ती तंत्राच्या पोटातच आहे. सहा-सात मिलिमीटरची लहान गाठ जुन्या मशीनमध्ये पसरट, फिकट दिसायची. नवं मशीन आणि त्याचं नवं रिकन्स्ट्रक्शन (मोजणीतून चित्र बांधायची गणिती पद्धत) तीच गाठ घट्ट आणि उजळ दाखवतं. एसयूव्ही वर जातो. लिम्फोमात डोविल स्कोअर (उपचाराचा परिणाम सांगणारे एक ते पाच गुण) देताना गाठीची तुलना यकृताशी करतात, तिथे यकृताचा आकडा फारसा हलत नाही आणि गाठीचा मात्र वाढतो. रोग तेवढाच असताना स्कोअर तीनवरून चारवर जाऊ शकतो, आणि त्यावर पुढची केमो ठरते. वेगवेगळ्या मशीनचे आकडे जुळावेत म्हणून युरोपात ईएआरएल या संस्थेची मानकं आहेत. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच आग्रह धरला, म्हणून आम्ही प्रत्येक फॉलो-अपची दोन रिकन्स्ट्रक्शन काढतो: एक बघण्यासाठी, एक जुन्याशी तुलना करण्यासाठी. जिथे हे करत नाहीत तिथे रुग्णाने विचारायला हवं. विचारायला लाजू नका.

एआयने चित्र गुळगुळीत करण्याची सोय पण आली आहे. मला ती सरसकट आवडत नाही. फुफ्फुसातली बारीक गाठ आधीच फिकट असते, ती आणखी गुळगुळीत झालेली आम्हाला नको आहे. मूळ चित्र शेजारी ठेवूनच ती वापरावी.

तिसरी तक्रार थंडाव्याची. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरमध्ये हजारो सूक्ष्म खाने असतात आणि त्यांचं प्रवर्धन (संकेत किती पट वाढतो ते) तापमानाबरोबर सरकतं. म्हणून पाण्याचा चिलर चोवीस तास लागतो. मे महिन्यात वीज गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला आणि चिलरचा अलार्म वाजला, की त्या दिवसाची यादी मागे पडते. मशीन विकत घेताना चिलर आणि यूपीएसचा खर्च वेगळ्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, तो आधी वाचा. रोज सकाळी क्यूसीसाठी (मशीनच्या तपासणीसाठी) लागणारा जर्मेनियम-६८ चा फँटमही (चाचणीचा किरणोत्सर्गी नमुना) २७१ दिवसांच्या अर्धायुष्याने झिजत जातो. वर्ष-दीड वर्षाने नवा मागवावा लागतो आणि दर वेळी खरेदी विभागाशी तोच वाद होतो.

क्यूसीवरून एक सांगते. जुन्या मशीनची ट्यूब सरकली की सायनोग्राममध्ये (चित्र बनण्याआधीच्या कच्च्या मोजणीच्या नकाशात) तिरकी काळी पट्टी दिसायची. क्रिस्टलांच्या आख्ख्या ब्लॉकमागे चार ट्यूब असायच्या, त्यामुळे एक ट्यूब बिघडली की पट्टी रुंद. आता पट्टी दिसलीच तर बारीक असते, आणि ती दिसण्याचे दिवसही फार कमी झालेत. एलवायएसओची आणखी एक गंमत विद्यार्थ्यांना मी आवर्जून दाखवते. खोलीत रुग्ण नाही, फँटम नाही, तरी मॉनिटरवर काउंट (टिपलेल्या किरणांची मोजणी) चढत असतात. ते क्रिस्टलच्या आतून येतात. निसर्गातल्या ल्युटेशियमपैकी २.६ टक्के ल्युटेशियम-१७६ असतं, ते स्वतः किरणोत्सर्गी आहे आणि त्याचं अर्धायुष्य अब्जावधी वर्षांचं आहे. एफडीजीच्या नेहमीच्या स्कॅनला त्याचा त्रास होत नाही. अगदी कमी काउंटच्या अभ्यासात मात्र तो लक्षात घ्यावा लागतो.

मशीनकडून काय अपेक्षा ठेवू नये, तेही सांगायला हवं. गॅलियम-६८ या दुसऱ्या किरणोत्सर्गी द्रव्याचा पॉझिट्रॉन संपण्याआधी सरासरी तीनेक मिलिमीटर भटकतो, फ्लोरिन-१८ चा अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. गॅलियमच्या स्कॅनची तेवढी धूसरता निसर्गाचीच आहे, डिटेक्टर कितीही महाग घ्या.

आणि बीजीओला कुणी मोडीत काढू नका. जीईने २०२२ मध्ये आणलेलं ऑम्नी लेजंड बीजीओवरच आहे, मागे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, कड्याची लांबी ३२ सेंटिमीटर. टाइम-ऑफ-फ्लाइट नाही, पण संवेदनशीलता (सुटलेल्यांपैकी किती फोटॉन पकडले जातात ती क्षमता) भरपूर. विक्रेता फक्त पिकोसेकंद सांगत असेल तर संवेदनशीलता विचारा, फक्त संवेदनशीलता सांगत असेल तर पिकोसेकंद विचारा.

दोन मीटर लांबीची मशीनंही आली आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सायमन चेरी आणि रॅमसे बदावी यांच्या गटाच्या एक्सप्लोररची लांबी १९४ सेंटिमीटर, माणसांची पहिली चित्रं २०१८ ची. आख्खं शरीर एकदम. तेवढे एलवायएसओ क्रिस्टल विकत घेणं जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य नाही. माझं लक्ष जास्त आहे ते पोलंडमधल्या क्राकूवच्या जे-पेट या प्रायोगिक मशीनकडे. पावेल मोस्काल यांचा गट क्रिस्टलऐवजी प्लास्टिक सिंटिलेटरच्या (किरण पडला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) लांब पट्ट्या वापरतो. प्लास्टिक स्वस्त आणि फार जलद, फोटॉन अडवण्यात मात्र कमकुवत. हे गणित जमलं तर लांब मशीन नाशिकच्याही पुढे, धुळे-नंदुरबारपर्यंत जाऊ शकेल. त्यांचे पेपर मी नेमाने वाचते.

कुणाला आमच्यासारख्या ठिकाणी स्कॅनला यायचं असेल तर थोडं सांगते, कारण यातल्या एकाही गोष्टीवर मशीनकडे उपाय नाही. आदल्या दिवशी जड काम, व्यायाम नको. सकाळी सुपारी, तंबाखू, च्युइंगगम काही चघळू नका, जबड्याचे स्नायू झगझगतात आणि मानेच्या गाठी वाचणं अवघड होतं. इंजेक्शननंतर गप्पा आणि फोनही नको. थंडीत स्वेटर आणि शाल घेऊन या. अंग गारठलं की मानेतली तपकिरी चरबी साखर ओढते आणि दोन्ही बाजूंना डाग दिसतात. डायबिटीस असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं आधी फोनवर विचारा. साखर २०० च्या वर असली की बहुतेक वेळा आम्हाला थांबावं लागतं.

जुन्या स्कॅनचा नुसता कागदी रिपोर्ट किंवा फिल्म आणू नका, सीडी आणा. ती आदल्या दिवशी एकदा कॉम्प्युटरवर उघडून बघा. कोऱ्या सीड्या आमच्याकडे नेहमी येतात. ती हरवली असेल तर आधीच्या सेंटरला कळवून ‘डायकॉम डेटा’ (स्कॅनच्या मूळ चित्रांच्या फाइल्स) मागा, त्याच शब्दांत.