लक्षद्वीप, अंदमान की आधी कळसूबाई?

आमच्या इमारतीची लिफ्ट हलली की माझ्या रिगचा (रेडिओ संचाचा) एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, थेट नऊवर जातो. लिफ्ट थांबली तरी एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर उरतेच. गच्चीवर अँटेना राहू द्या म्हणून सोसायटीला दरवर्षी नव्याने पटवावं लागतं ते वेगळंच. त्यामुळे मुंबईतल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, कधी ना कधी वाटतंच की रिग उचलावा आणि बँड (लहरींचा पट्टा) जिथे शांत आहे तिथे जाऊन बसावं. अलीकडे नव्याने परवाना मिळालेल्या दोघातिघांनी मला विचारलं की दूरच्या जागी जाऊन तिथून बोलायची पहिली मोहीम कुठे काढू. त्यांच्यासाठी आणि त्याच विचारात असलेल्या तुमच्यासाठी हे लिहितोय.

डीएक्ससीसीच्या, म्हणजे हॅम जिच्यावरून देश मोजतात त्या यादीत ३४० 'देश' आहेत आणि त्यातले तीन एकट्या भारताचे: मुख्य भूमी, अंदमान-निकोबार म्हणजे व्हीयू४ आणि लक्षद्वीप म्हणजे व्हीयू७. दक्षिण अटलांटिकातल्या निर्जन बूव्हेसारख्या बेटाचं स्वप्न जरूर बघा, पण पहिल्या मोहिमेसाठी ते बाजूला ठेवा. २०१८ मध्ये तिथे निघालेली तुकडी खराब हवामान आणि जहाजाच्या इंजिनातला बिघाड यांमुळे किनाऱ्याला पाय न लावता परतली. आपल्या हाताशी दोन बेटसमूह आहेत, त्यांचं बघू.

सुरुवात कागदांपासून करू, कारण जास्तीत जास्त मोहिमा तिथेच अडतात. मुंबईच्या पत्त्यावरचा परवाना खिशात आहे म्हणून बेटावर जाऊन माइक उचलता येत नाही. दोन्हीकडे डब्ल्यूपीसीची (रेडिओ परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाची) वेगळी मंजुरी आधी हातात हवी. फरक त्याच्या पुढे सुरू होतो. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) भारतीय नागरिक म्हणून तुम्ही तिकीट काढून सरळ उतरू शकता. निकोबारला मात्र आदिवासी क्षेत्राची परवानगी लागते, ते पहिल्या खेपेत डोक्यातही आणू नका. लक्षद्वीपला भारतीयालाही प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी पोलीस ठाण्याचा दाखला आला, आणि राहण्याची सोय आधी पक्की हवी. म्हणजे लक्षद्वीपला दोन फायली, अंदमानला एक. नोकरीतून आठ दिवसांची रजा काढणाऱ्याला हा फरक लहान नाही.

आता रेडिओचं. इथे माझं मन लक्षद्वीपकडे झुकतं, आणि त्याचं कारण मीठ आहे. खाऱ्या पाण्याच्या काठावर उभी केलेली व्हर्टिकल अँटेना सिग्नल अगदी खालच्या कोनात, क्षितिजाला चिकटून पाठवते, आणि डीएक्सला, म्हणजे लांबच्या संपर्काला, तेच हवं असतं. २० मीटरच्या बँडसाठी क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबी) म्हणजे जेमतेम पाच मीटर तार. फायबरच्या मासेमारीच्या काठीला ती गुंडाळून वाळूत रोवली, पाण्यापासून चार पावलांवर, की रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (खालच्या श्रेणीच्या परवान्याच्या) ५० वॅटलाही चांगलं बळ येतं. अगत्तीसारखं बेट इतकं अरुंद आहे की कुठेही उभे राहिलात तरी समुद्र जवळ. पश्चिमेला लगून, म्हणजे युरोपची वाट पाण्यावरून जाते. ४० मीटर बँडचा डायपोल (दोन बाजूंना पसरलेल्या तारेची अँटेना) ताणायला खांब शोधत फिरावं लागत नाही, नारळाची झाडं आहेतच. फक्त घरमालकाला आधी विचारा आणि झावळ्या-नारळ कुठे पडतात ते बघूनच अँटेनाची केबल म्हणजे कोअॅक्स टाका.

पोर्ट ब्लेअरचा समुद्र पूर्वेला. कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर जपानची दिशा मोकळी आणि युरोपच्या बाजूला डोंगर व जंगल. जपानी स्टेशन्सचा पाइलअप (एकाच वेळी हाक देणाऱ्यांची गर्दी) हवा असेल तर ही जागा उत्तम. शिवाय पोर्ट ब्लेअर मुंबईच्या सुमारे २० अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे जवळजवळ ८० मिनिटं आधी मावळतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो आणि ४० मीटरचा बँड उघडायला लागतो, म्हणजे लांबचे सिग्नल येऊ लागतात. घड्याळ मुंबईचंच असल्याने पहिले दोन दिवस हा हिशेब हमखास चुकतो. अगत्ती जवळपास मुंबईच्याच रेखांशावर आहे, तिथे तुमची सवय मोडत नाही.

विजेचा प्रश्न बहुतेक जण शेवटी बघतात, तो आधी बघा. १०० वॅटचा रिग ट्रान्समिटला २० अँपिअरच्या आसपास खेचतो. त्यासाठी आपण घरी वापरतो ती १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी २५६ वॅट-तासांची होते, आणि प्रवासी विमानात १६० वॅट-तासांच्या वर काहीही चालत नाही. १०० ते १६० च्या मधल्या बॅटरीलाही विमान कंपनीची संमती लागते. म्हणजे विमानाने जायचं तर सहा अँपिअर-तासांची छोटी बॅटरी आणि दहा वॅट, नाहीतर पॉवर सप्लाय घेऊन लॉजच्या प्लगवर अवलंबून राहणं. लक्षद्वीपला कोचीहून जहाजानेही जाता येतं, तेव्हा मुंबई-कोची रेल्वेने करून सामानाची काळजी हलकी करता येते. जहाजाला १४ ते २० तास लागतात, पण माझ्या मते ते परवडतात.

अंदमानच्या बाजूने एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमची तुकडी पोर्ट ब्लेअरहून व्हीयू४ची मोहीम चालवत होती. २६ तारखेला त्सुनामी आली आणि इतर संपर्क तुटले, तेव्हा पाइलअपसाठी नेलेल्या त्याच रिगवरून माणसांचे ठावठिकाणे मुख्य भूमीवर कळवले गेले. तिथे जाल तेव्हा बॅटरी, सुटी तार आणि कागदी लॉग जवळ ठेवाच.

तर निवड अशी: घरचे बरोबर असतील, रजा कमी असेल, तर जानेवारी ते एप्रिलमध्ये अंदमान. सहा महिने कागदांमागे लागायची तयारी असेल आणि मनसोक्त पाइलअप हवा असेल, तर लक्षद्वीप, पावसाळा सोडून.

आणि दोन्हींच्या आधी सरावाला कळसूबाई. कसाऱ्याहून बारी गाव, तिथून १,६४६ मीटरवरचा माथा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा लोखंडी शिड्या चढताना सॅक घासून कोअॅक्सच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर सैल झाला होता. वर पोहोचल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) खाली येईना. सोल्डरिंगची सोय नाही, सुटा कनेक्टर घरी. शेवटी तारेचं टोक चाकूने सोलून सॉकेटच्या मधल्या छिद्रात खुपसलं, जाळी बाहेरून चिकटपट्टीने घट्ट आवळली आणि कमी पॉवरवर चार क्यूएसओ (संपर्क) झाले. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून सहा कनेक्टर आणले. त्यातले दोन अजूनही सॅकच्या वरच्या कप्प्यात असतात.