चेतकचं इंजिन बांधायचंय? नाना पेठेतल्या बोअरिंग आणि क्रँकच्या कामाबद्दल

बजाजची टू-स्ट्रोक चेतक स्कूटर बाजारात आली १९७२ साली. आता त्याच नावाची गाडी बॅटरीवर चालते, पण पुण्यात वाड्यांच्या बोळात आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जुन्या चेतक अजून उभ्या दिसतात. पत्रा चांगला, कागदपत्रं ठीक, फक्त इंजिन थकलेलं. अशी गाडी भंगारात घालू नका. ब्लॉक (म्हणजे पिस्टनचं सिलिंडर) आतून कातून बोअर करणारे, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) प्रेस करणारे आणि सुटे भाग विकणारे असे तिघेही नाना पेठेत चालत जाण्याच्या अंतरावर सापडतात. तिथल्या कामाबद्दल आमचं मत असं: मशीनवरचं काम उत्तम, धुण्यापुसण्याचं काम कच्चं. ब्लॉक हातात घेऊन तपासायला शिकलात, तर पैसे सत्कारणी लागतात.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. किक हलकी लागते, चढावर गाडी दम टाकते, तर बोअर-पिस्टन झिजलंय. धूर पांढरा येतोय आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर क्लचकडचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. मॅग्नेटच्या (पंखा असलेल्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर जास्त धोका. तिथून हवा आत शिरते, पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन वरच फिरत राहतं आणि एक दिवस पिस्टन पकडतो, म्हणजे आतच अडकून बसतो. तेव्हा फक्त बोअर करून दोन्ही जुनी सील तशीच ठेवली, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो. पूर्ण इंजिन खोलायचंच असेल तर दोन्ही सील, क्रँकची बेअरिंग आणि सगळी पॅकिंग नवीनच टाका. खोलताना मॅग्नेट पुलरनेच काढायला लावा. हातोडा मारला की क्रँकचं टोक वाकतं.

आता बोअरिंग. मूळ बोअर ५७ मिमी, स्ट्रोकही ५७, म्हणून इंजिन १४५.४५ सीसीचं. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी असे मिळतात. शेवटच्या मापाला इंजिन १५०.६ सीसीचं होतं, त्यापुढे मात्र स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी) मारावी लागते. ब्लॉक आधी डायल बोअर गेजने मोजून घ्या: वर, मधे आणि खाली, प्रत्येक जागी आडवं आणि उभं. म्हणजे सहा आकडे. वरचा आणि खालचा आकडा जुळत नाही तो निमुळतेपणा, आडवा-उभा जुळत नाही तो लंबगोलपणा. जो मिस्त्री नुसतं बोट फिरवून ‘पन्नास टाका’ (०.५० मिमी मोठा पिस्टन) म्हणतो, त्याच्याकडे काम देऊ नका. पंचवीसमध्ये ओरखडे निघत असतील तर पन्नासला जाणं म्हणजे ब्लॉकचं एक आयुष्य फुकट घालवणं.

चांगल्या वर्कशॉपची खूण एकच, आणि ती काउंटरवरच कळते: पिस्टन आणल्याशिवाय ते ब्लॉक मशीनवर चढवत नाहीत. त्यामागे कारण आहे. एकाच मापाच्या दोन डब्यांतल्या पिस्टनमध्ये शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा फरक निघू शकतो. शिवाय पिस्टन सरळ नळकांडं नसतो. तो वर बारीक, खाली जाड आणि जरा लंबगोल असतो. म्हणून मायक्रोमीटर लावायचा तो खालच्या स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या घेरावर), गजन पिनला (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनला) काटकोनात. त्या मापात पिस्टन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) मिळवायचा, आणि ते झालं बोअरचं माप. डब्यावरच्या आकड्यावरून बोअर केलं तर क्लिअरन्स नशिबावर.

‘जरा टाईट बसवा, जास्त दिवस चालेल’ हे गिऱ्हाईकच सांगतं, आणि काही मिस्त्री ऐकतातही. ही सगळ्यात महागडी चूक. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि चेतकला थंड ठेवायला फक्त मॅग्नेटच्या पंख्याची हवा. टाईट पिस्टन भर उन्हात चढावर पकडणारच. उलट क्लिअरन्स जास्त झाला तर गार इंजिनात टकटक येते आणि रिंगा डुलत बसतात.

बोअरिंगचं हत्यार शेवटपर्यंत चालवत नाहीत. ०.०३ ते ०.०५ मिमी होनिंगसाठी (दगडाने शेवटचा हात फिरवण्यासाठी) राखून ठेवतात. होनिंग नीट झालेला ब्लॉक उजेडात तिरका धरला, की आत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी दिसते. तेल धरून ठेवते ती हीच जाळी. आरशासारखं गुळगुळीत बोअर दाखवून कुणी कौतुक करत असेल तर होनिंग परत करून मागा, कारण तिथे रिंग बसत नाही आणि तेलही टिकत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी नाना पेठेतही बरेचदा राहून जाते: पोर्टच्या (बोअरमधल्या खिडक्यांच्या) कडा. बोअर केल्यावर एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग प्रत्येक फेरीत त्या खिडकीवरून जाते, तिथे किंचित बाहेर फुगते आणि कडेला अडकते. मग रिंग तुटते, तुकडा बोअर ओरबाडत जातो आणि शंभर किलोमीटरच्या आत सगळं काम पुन्हा. म्हणून ब्लॉक ताब्यात घेताना करंगळीचं नख प्रत्येक पोर्टच्या कडेवरून वर-खाली फिरवा. नख अडकलं तर तिथेच बारीक कानस आणि पॉलिश पेपरने कडा मोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

धुणं हा दुसरा कच्चा दुवा. रॉकेलचा फडका फिरवला म्हणजे ब्लॉक धुतला, असं समजतात. होनिंगच्या दगडाची पूड रेघांमध्ये बसलेली असते. ती रॉकेलने निघत नाही, उलट खाली बसते. घरी आणून गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, लगेच कोरडा करून टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) चोळा. मग पांढरा सुती कपडा आत फिरवा. कपड्यावर करडा डाग आला तर परत धुवा. कपडा पांढराच निघेपर्यंत.

क्रँकचं काम मात्र इथल्या जुन्या हातांनी करावं तसं क्वचितच कुठे होत असेल. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. जरा जरी प्ले लागला तरी पिन, बेअरिंग आणि रॉड बदलायचा. बाजूला थोडा सरकतो, तो दोष नाही. प्रेसवर पिन काढून नवी दाबली की दोन्ही पाळी (पिनच्या दोन बाजूंच्या जाड चकत्या) एका रेषेत आणणं ही खरी कारागिरी. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावतात, काटा कुठे उसळतो ते बघून तांब्याच्या हातोडीने नेमक्या जागी ठोका देतात, पुन्हा फिरवतात. काटा ०.०३ मिमीच्या आत आला की थांबतात. हे समोर उभं राहून बघा आणि डायलचा आकडा विचारा. क्रँक वाकडा राहिला तर पायाखाली आणि हँडलला थरथर येते, बेअरिंग लवकर खातात, आणि पॉइंट्सची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या टोकांची) गॅप दर फेरीला बदलत राहते, त्यामुळे टायमिंग कितीही लावलं तरी बसत नाही. जुन्या पाळीत नवी पिन हलक्या दाबाने गेली तर मात्र ती पाळीच बाद समजा, कारण उद्या चालताना ती फिरेल.

या इंजिनात कार्बोरेटरकडून येणाऱ्या हवेची झडप म्हणजे क्रँकची पाळीच. ती केसिंगमधल्या एका कमानीला जवळजवळ खेटून फिरते. रिंगचा तुकडा तिथून गेला असेल तर त्या कमानीवर चरे पडतात, पेट्रोलचा फवारा कार्बोरेटरमधून मागे उडतो आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. हे कुणी आपणहून सांगत नाही. केसिंग उघडली की स्वतः बघा. चरे खोल असतील तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करून ती जागा मशीनवर घ्यावी लागते, आणि हे काम प्रत्येक लेथवाल्याला जमत नाही.

सुट्या भागांबद्दल: सील, बेअरिंग आणि पिस्टन किट नाना पेठेतून नवीनच घ्या. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मूळ बनावटीचे झाकण, कव्हर, कार्बोरेटरचा डबा मिळाला तर घ्या, पण वापरलेली सील किंवा बेअरिंग तिथून नकोच. बेअरिंग बसवताना केसिंग साधारण १०० अंशांपर्यंत गरम करून बेअरिंग आत सोडायचं. ठोकून बसवायचं नाही.

बसवताना रिंग एकटी बोअरमध्ये सारून, पिस्टननेच ढकलून सरळ करून, फिलर गेजने गॅप मोजा. या बोअरला ०.२० ते ०.३० मिमी ठीक. रिंगची टोकं पिस्टनवरच्या पिनांवरच आली पाहिजेत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनचे लॉक नवे, जुने परत वापरायचे नाहीत.

दर आधी सुटे सुटे विचारून घ्या: बोअरिंग-होनिंग वेगळं, क्रँक वेगळा, वेल्डिंग वेगळं. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा सांगणाऱ्याकडे कोणतं काम खरंच झालं ते कळत नाही. आणि घाई करू नका. सकाळी दिलेला ब्लॉक संध्याकाळी मागितला, की कडा मोडायचं काम हमखास राहतं.

पहिले ५०० किलोमीटर लिटरमागे ४० मिली टू-टी ऑइल, नंतर २० मिली. पहिल्यांदा इंजिन तापून पूर्ण गार झालं की हेडचे नट क्रॉसमध्ये पुन्हा आवळा. ते ५०० किलोमीटर होईपर्यंत कात्रजच्या घाटाकडे जाऊ नका, फुल ॲक्सिलरेटर देऊ नका, पण एकाच वेगात रेंगाळतही बसू नका. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून बघा. टोक चहाच्या रंगाचं असेल तर मिश्रण बरोबर आहे. पांढरं पडलं असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि मॅग्नेटकडचं सील आधी तपासा.