टेट मॉडर्न, लंडन: व्हीलचेअरवरून कसं दिसतं

लंडनला टेट मॉडर्न हे मॉडर्न आर्टचं म्युझियम बघायला जाणाऱ्या व्हीलचेअरवाल्या मंडळींसाठी आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्यांसाठी लिहितेय, कारण निघायच्या आधी मी मराठीत शोधाशोध केली तर "फुकट आहे, छान आहे, वरून व्ह्यू मस्त दिसतो" यापलीकडे कोणी काही सांगतच नाही. रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, बाथरूमला जायचं झालं तर काय, हे आपल्यालाच कळायला हवं असतं ना. मी हाताने ढकलायची साधी व्हीलचेअर वापरते, हात भक्कम आहेत, कमरेखाली काही हलत नाही. सोबत भाचा होता, तिकडेच शिकतो, आणि मॉडर्न आर्ट म्हटलं की "मावशी, हे तर मीपण काढलं असतं" या पंथाचा.

आधी पोचायचं कसं ते. लंडनची ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी मेट्रो, जुनी आहे आणि निम्म्याहून जास्त स्टेशनांवर जिन्याशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे नकाशात व्हीलचेअरचं चिन्ह बघून स्टेशन निवडायचं, त्यातही निळं चिन्ह असेल तर रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही आणि पांढरं असेल तर फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत, पुढे गाडीत चढताना फट किंवा उंची असू शकते. हा फरक कोणी सांगत नाही आणि मग माणूस प्लॅटफॉर्मवर अडकतो. टेटसाठी ज्युबिली लाइनचं सदर्क हे स्टेशन निळ्या चिन्हाचं आहे, तिथून बाहेर पडलं की रस्त्यावरचे नारिंगी रंगवलेले दिव्याचे खांब शोधायचे आणि त्यांच्या मागे मागे जायचं. बसचं तर त्याहून सोपं, लंडनच्या सगळ्या बसना रॅम्प असतो आणि व्हीलचेअरवाल्याला भाडं नाही. जागा मात्र एकाच व्हीलचेअरची असते, दोन मैत्रिणी मिळून जाणार असाल तर दोन बस!

आता मूळ विषय. टेट मॉडर्न म्हणजे पूर्वीचं बँकसाइडचं वीज केंद्र. लंडनचे ते लाल टेलिफोन बूथ ज्याने डिझाइन केले त्या जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचीच ही इमारत, १९८१ मध्ये वीज बनवणं बंद झालं आणि २००० मध्ये हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस जोडीने तिचं म्युझियम केलं. त्यांनी आतली मशिनरी काढून टर्बाइन हॉल तसाच रिकामा ठेवला, दीडेकशे मीटर लांब आणि छत बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते एवढा उंच. आणि पश्चिमेच्या बाजूने त्यात शिरायचं ते एका प्रचंड रुंद उतारावरून, म्हणजे रॅम्पवरून, पायऱ्या नाहीत. सगळेच रॅम्पवरून. टाय लावलेला माणूस, शाळेची सहल, बाबागाड्या, आजीआजोबा आणि मी, एकाच दारातून एकाच उतारावरून आत.

ज्यांना पाय आहेत त्यांना यात एवढं काय असं वाटेल. आमच्याकडच्या एका गॅलरीत मी गेले होते तेव्हा पुढच्या दाराला पायऱ्या, म्हणून मागून, गोडाऊनच्या बाजूने, झाडू आणि रंगाच्या डब्यांमधून मला नेलं होतं, आणि तिथेही शेवटी दोन पायऱ्या निघाल्याच, मग चार वॉचमननी खुर्चीसकट उचललं. सगळे प्रेमाने करत होते हो, "मॅडम घाबरू नका" वगैरे, पण उचलून नेलेल्या माणसाचा चित्र बघायचा मूड राहत नाही, उरलेला वेळ परत उतरायचं कसं याच विचारात जातो. भारतात अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सार्वजनिक इमारतींना मुदतीही घालून दिल्या होत्या, मुदती येतात आणि जातात.

तर उतार. खाली जाताना चाकांवर तळवे घासत वेग आवरावा लागतो आणि तळवे तापतात, ग्लोव्ह्ज न्या. भाचा मागून "मावशी ब्रेक, ब्रेक!" करत धावत आला आणि मी आपली मजेत खाली. आजूबाजूला लहान पोरं त्याच उतारावर आडवी होऊन गडगडत होती, कोणी ओरडत नाही. परत जाताना हा चढ चढायची गरज नाही, लिफ्टने लेव्हल १ ला यायचं आणि नदीच्या बाजूच्या दाराने निघायचं.

हॉलच्या फरशीवर एक गोष्ट नक्की बघा. काँक्रीटमध्ये एक वाकडीतिकडी रेघ दिसते, बुजवलेल्या भेगेची, पार हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोलंबियाच्या डोरिस साल्सेदोने २००७ मध्ये इथे फरशीच फोडली होती, सुरुवातीला केसाएवढी आणि पुढे पाय जाईल एवढी रुंद होत गेलेली भेग, १६७ मीटर लांब. स्थलांतरित, वंशभेद, कोण आतला आणि कोण बाहेरचा असा त्याचा विषय. प्रदर्शन संपल्यावर ती भरून टाकली पण व्रण राहिला, तो आजही आहे. चालणारी माणसं त्यावरून जाताना खाली बघतही नाहीत, मला मात्र लगेच दिसला कारण आमची नजर कायम जमिनीवर. खुर्चीची पुढची छोटी चाकं दोन बोटांच्या फटीतसुद्धा अडकतात आणि माणूस तोंडावर आपटतो, त्यामुळे फरशीचा सांधा, मॅटची कड, केबलचं कव्हर हे सगळं आम्ही आधी वाचतो, चित्र नंतर. मी त्या व्रणावरून चाक मुद्दाम हळू नेलं, आता अगदी सपाट आहे, हादरा बसला नाही. भेग उघडी होती तेव्हा मी आले असते तर? बहुतेक लोकांनी ती एका ढांगेत ओलांडली असणार. माझ्यासाठी रुंद टोकाला ती भिंतच होती, आणि विचित्र म्हणजे त्या कलाकृतीला जे म्हणायचं होतं ते मला कोणी न समजावता समजलं असतं.

इथे मला जरा भांडायचंय, इमारतीशी नाही तर हल्लीच्या आर्टशी. या हॉलमध्ये आजवर झालेल्या गाजलेल्या गोष्टी आठवून बघा. २००६ मध्ये कार्स्टन हॉलरने वरच्या मजल्यांवरून खाली येणाऱ्या घसरगुंड्या लावल्या. २०१० मध्ये आय वेवेने चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या आणि लोकांनी त्यांच्यावरून चालावं अशी कल्पना होती (पुढे धूळ उडते म्हणून चालणं बंद केलं). २०१७ मध्ये झोपाळे, तेही तिघांनी मिळून घ्यायचे. सगळं भारी, पण "कलेत सहभागी व्हा" म्हणताना मनात धरलेलं शरीर कुठलं असतं? पायवालं, वाकणारं, घसरणारं. बियांच्या थरात खुर्ची रुतलीच असती. इमारतीत शिरायला रॅम्प असतो पण कलाकृतीत शिरायला नसतो, आणि हे फक्त टेटचं नाही, जगभर इमर्सिव्ह, म्हणजे प्रेक्षकाने आत शिरून अनुभवायची कला, या नावाखाली जे चाललंय त्यात कलाकार हा प्रश्न स्वतःला विचारतात असं मला वाटत नाही. ओलाफुर एलियासनचा याच हॉलमधला २००३ चा कृत्रिम सूर्य त्यातल्या त्यात बरा म्हणायचा, छताला आरसे, खाली नुसतं असायचं, लोक आडवे पडून वर बघायचे आणि खुर्चीत बसूनही तेच दिसलं असतं.

वरच्या मजल्यांवर जायला लिफ्ट आहेत, एस्केलेटरही आहेत, आणि गर्दीच्या वेळी एस्केलेटर बाजूलाच चालू असताना धडधाकट माणसं लिफ्टमध्ये का घुसतात हे कोडं दादर असो नाहीतर लंडन, सुटत नाही. जुनी इमारत आणि मागची २०१६ ची दहा मजली विटांची नवी इमारत, ब्लावॅटनिक बिल्डिंग, या लेव्हल ४ वरच्या पुलाने जोडल्यात. तो पूल आवर्जून घ्या, खाली पूर्ण टर्बाइन हॉल दिसतो. एवढं मोठं आहे की एका दिवसात सगळं करायचा हट्ट धरू नये, खांदे दुखतात आणि रात्री ट्रान्सफर करताना, म्हणजे खुर्चीतून पलंगावर सरकताना, कळतं.

चित्रांच्या उंचीबद्दल. जगभरच्या गॅलऱ्यांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर ठेवायची पद्धत आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. खुर्चीत बसल्यावर डोळे सव्वा मीटरच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. मोठ्या कॅनव्हासला फरक पडत नाही, पण काचेमागच्या छोट्या कामांवर दिव्यांची चकाकी नेमकी आपल्याला लागते, आणि टेबलासारख्या सपाट शोकेसमध्ये ठेवलेली पत्रं-वह्या कुठल्याही म्युझियममध्ये आपल्याला कडेनेच दिसतात. अशा वेळी भाच्याने फोनवर फोटो काढून दाखवायचा, हा आमचा जुगाड.

मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची लालकाळी चित्रं मात्र वेगळीच. अंधूक प्रकाशाच्या खोलीत, नुसते मरून, काळे, विटकरी चौकोन, भाच्याने आत येऊन दहा सेकंदात "ओके" म्हटलं. ही चित्रं मुळात न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगमधल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी होती, १९५८ चं काम, जेवायला बसलेल्यांच्या भोवती लावायची. पुढे रॉथकोचं मन फिरलं, त्याने पैसे परत केले आणि त्यातली नऊ चित्रं टेटला दिली, ती लंडनला पोचली त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० ला, त्याने आत्महत्या केली. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं, की ही तर बसलेल्या माणसांसाठी काढलेली चित्रं! त्या खोलीत योग्य उंचीवर मीच होते, बाकी सगळे उगाच उभे. मी बराच वेळ हलले नाही. डोळे सरावले की काळ्याच्या आत अजून एक काळं दिसायला लागतं, आणि कडा हलल्यासारख्या वाटतात. भाचा कंटाळून बाहेर गेला, परत आला, मग गुपचूप बाकावर बसला, आणि बसल्यावर म्हणे "आता जरा दिसतंय."

दुसरं आवडलेलं म्हणजे ब्राझीलच्या सिल्दो मीरेलेसचं २००१ चं बॅबल. निळसर अंधाऱ्या खोलीत रेडिओंचा गोल मनोरा, शेकडो रेडिओ एकमेकांवर रचलेले, प्रत्येक वेगळ्या स्टेशनवर आणि सगळे हळू आवाजात चालू. सगळ्यात जुने, मोठे, लाकडी खोक्यातले व्हॉल्व्हवाले रेडिओ तळाला आणि वर वर छोटे नवे होत जातात. उभी माणसं वर बघत फोटो काढत होती, आणि माझ्या डोळ्यासमोर नेमके ते खालचे लाकडी रेडिओ, जाळीचं कापड ताणलेले, काचेच्या पट्टीवर शहरांची नावं छापलेले, आमच्या आजोबांच्या मर्फीच्या खानदानातले. एकाजवळ कान नेला तर कुणी बाई बातम्या देत होती, भाषा कळली नाही, आणि अर्धा हात खुर्ची सरकवली की दुसऱ्यातून गाणं. चाकांवर असल्याने न उठता, न वाकता, गोल गोल फिरत ऐकता येतं, अशी सोय उभ्या माणसाला नाही.

बाकी किरकोळ. कायमचा संग्रह फुकट, मोठ्या प्रदर्शनांना तिकीट, पण अपंग व्यक्तीला सवलत आणि सोबतच्या मदतनीसाला फुकट, बुकिंग करतानाच ते निवडायचं. चालू शकता पण दमता अशी मंडळी असतील तर तिथली व्हीलचेअर फुकट वापरायला मिळते, घडीची स्टुलंही मिळतात, सासूबाईंना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. व्हीलचेअरची टॉयलेट्स आहेत, ती शोधत मजले हिंडावे लागत नाही. सकाळी १० ला उघडतं, तेव्हाच पोचा, दुपारनंतर लिफ्टसमोर जत्रा.

निघताना समोरच्या मिलेनियम ब्रिजवरून नदी ओलांडा. जून २००० मध्ये हा पूल उघडला आणि लोकांची पावलं एका ठेक्यात पडून इतका डुलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला, दुरुस्ती होऊन २००२ मध्ये परत उघडला. पावलांमुळे हं, त्यात चाकांचा काही दोष नाही. पलीकडे सेंट पॉल कॅथेड्रलच्या बाजूला चढ लागतो आणि तिथलं सेंट पॉल्स ट्यूब स्टेशन आपल्या कामाचं नाही, जिने आहेत, तेव्हा तिकडून सरळ बस पकडा.